गादीवर दोन हात जागा

माझं लग्न ठरलं तेव्हा आई मला साडीसाठी नगरच्या कापडबाजारात घेऊन गेली. लग्नसराईचे दिवस, दुकान चिंचोळं आणि गादीवर बायकांची ही दाटी. कुणाचा कोपर माझ्या बरगडीत, कुणाची पिशवी माझ्या मांडीवर. समोर येणारी प्रत्येक साडी मला मळकीच दिसायला लागली. शेवटी मी वैतागून म्हणाले, "आई, कुठलीही घे, पण चल इथून."

शेजारी नऊवारीतली एक बाई ऐसपैस मांडी घालून बसली होती. ती माझ्याकडे वळली.

"साडीनं काय घोडं मारलंय गं तुझं? लग्नाची साडी हाय, अशी रागात घेऊ न्हाई."

मग तिने आवाज चढवला, "अगं बायांनो, नवरी हाय ही! सरका की जरा!"

बायका हसत हसत सरकल्या. गादीवर दोन हात जागा झाली. मी मघाशी बाजूला सारलेली डाळिंबी साडी तिने तिथे पूर्ण उलगडली आणि हलक्या हाताने सुरकुत्या सारख्या केल्या. साडी तीच, पण आता तिचे काठ झळकत होते.

"हीच!" मी ओरडलेच. अनोळखी बायकांनीही माना डोलावल्या.

निघताना आईने तिला विचारलं, "तुम्ही काय घेतलंत?"

"काय न्हाई ताई. पारनेरची यष्टी तीनला हाय, तवर बसलेय. आमची वस्ती रानात. एवढ्या बाया एका जागी मला कुठं बघायला मिळत्यात?"

तेवढ्यात दारात दोघी मायलेकी घुटमळताना दिसल्या. तिने लगेच हात केला, "या, या! हितं लई जागा हाय!"