उजवीकडची बटणे
चिंचेने पितळ घासल्याचा आंबट वास आला की मला वळ गावातली ती शिवणकामाची खोली आठवते. एकोणिसाव्या शतकात युरोपात घोडदळाच्या गणवेशावरून स्त्रियांच्या जाकिटांवर आडवे गोफ आणि पितळी बटणांच्या रांगा कशा आल्या, हे शाळेच्या प्रदर्शनात दाखवण्यासाठी मी एका विद्यार्थिनीच्या आईला तसे जाकीट शिवायला सांगितले होते. ते खुंटीला टांगलेले होते. गोदामाकडे एखादा ट्रक गेला की भिंत थरथरे आणि जाकिटाच्या बाह्या किंचित हलत. बटणे लखलखीत होती, पण पुरुषांच्या कपड्यांसारखी उजव्या बाजूला. “स्त्रियांची बटणे डावीकडे असतात,” मी सोबत नेलेल्या नमुन्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हटले. “ठाव हाय, बाई. रोज बायकांचेच कपडे शिवते मी. ही ऱ्हाऊ द्या अशीच.” मला प्रदर्शनात चूक नको होती. काजे अजून पाडायची होती, म्हणून बदल सोपा होता. तिने एकेक बटण उसवून डावीकडे लावले आणि जाकीट पुन्हा खुंटीला अडकवले. मग बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली. “ह्यांच्या वर्दीची बटनं हायेत ती,” ती हळूच म्हणाली. “सकाळपासून हेच उभे होते तिथं. आता न्हाय दिसत.” सैन्यातून परत न आलेल्या तिच्या नवऱ्याविषयी मी कधी विचारलेच नव्हते. प्रदर्शनात जाकीट बिनचूक ठरले. मला मात्र आजही त्याची उजवी बाजूच दिसते, सुईच्या बारीक भोकांची.