मार्थामावशीचं छप्पर

फौजेतली आमची कंपनी तेव्हा आसामात नदीकाठी होती. सकाळी पीटी, मग बोट ड्रिल. पोहण्याचा उस्ताद मी. परतवाड्याच्या विहिरींत शिकलो होतो आणि त्याची मला मस्ती होती. नायक दानिएल अकोल्याचा, पोहण्यात बेताचाच. आम्ही दोघे ख्रिस्ती. रविवारी प्रार्थनेला सोबत बसायचो.

पुरातून गावकरी काढताना आमची बोट झाडाला धडकली. मी पाण्यात फेकलो गेलो. बोटीतून वायरलेसवर बोलणं सुरू झालं.

"एक जवान पाण्यात. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"उस्ताद. ओव्हर."

दानिएल कमरेला दोर बांधून उतरला. त्याने मला मागून धरलं, तरी मी हात मारतच होतो.

"पोहू नको," तो कानाशी ओरडला. "तू असाच झटत राहिला तं दोघंबी जाऊ. मी धरलं हाय तुले."

मी थांबलो, पण विश्वासाने नाही. दम संपला होता. एका दोरावर दोघं ओढले जाईनात, तेव्हा त्याने स्वतःचा दोर सोडून माझ्या कमरेला बांधला. जवानांनी मला बोटीत ओढलं. दोर पुन्हा टाकेपर्यंत दानिएल दिसेनासा झाला होता.

पुढे दर सुट्टीत मी घरी जाण्याआधी अकोल्याला उतरायचो. तिथे दानिएलची आई, मार्थामावशी, एकटी राहायची. मी मोरी बांधली, दारं रंगवली. रिटायर झाल्यावर छप्पर नवं करायला घेतलं. भर उन्हात पत्रे ठोकत होतो, तेव्हा मावशी अंगणात आली.

"काहून करून राहिला बाप्पा हे सारं?"

"त्याच्या जिवाचं थोडं तरी फिटावं, मावशी."



"माह्या पोराचा जीव पत्र्यानं फिटते काय? त्यानं तुले इकत नाही देल्ला. तू येशूलेबी असंच काम करून दाखवतं काय?"

मी हातोडा खाली ठेवला. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, कमाईने नाही, हे मी लहानपणापासून घोकलं होतं. पण उपास, प्रार्थना, सेवा, सगळं मी देवापुढे पगारासारखं मांडत आलो होतो. ख्रिस्ताने माझ्यासाठी जीव दिला, आणि मी त्याला मजुरी दाखवत होतो. फार लाज वाटली.

"उतर खाली. प्रार्थना कर," मावशी म्हणाली.

दानिएलच्या फोटोसमोर बसलो. नेहमीचे शब्द तोंडात येईनात.

"प्रभू, माझ्याजवळ काहीच नाही. तूच मला तार."

"आमेन," मावशी म्हणाली. मग चहा ओतता ओतता ती दानिएलच्या लहानपणाचं सांगू लागली. इतक्या वर्षांत मी तिला ते कधी बसून विचारलंच नव्हतं.