बांबूकडे पाहणारी मुलगी

चौऱ्याहत्तर सालच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी तीनच्या खेळात, आमच्या कलापथकातल्या एका मुलीवर अन्याय झाला. ती माझ्या शेजारची. साक्षगंध झालं होतं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरायचं होतं. सावनेरचे सासरे सगळं खटलं घेऊन होणाऱ्या सुनेचा सिनेमा पाहायला नागपूरला आले. मोठ्या कौतुकानं आले, हेही लिहिलं पाहिजे.

सिनेमा जुन्या काळच्या एका कवीचा. ती त्याची प्रेयसी. कवी अंगणात उभा राहून कविता म्हणतो आणि ती माडीवरून त्याच्याकडे पाहते. बस, पाहते. थिएटर गप्प झालं. मध्यंतरात सासरे उठले आणि सगळ्यांना घेऊन थेट बसस्टँडवर गेले. शेंगांचे पुडे खुर्च्यांवरच राहिले.

लग्न मोडल्याचा निरोप आला, तसा मी सावनेरला गेलो. कलापथकाची पत्रकं लिहून लिहून मला वाटायचं, पुरावा मांडला की माणूस ऐकतो.

"काकाजी, तो नट तिथं नव्हताच. त्याचं काम आटपलं, तो हॉटेलात जाऊन झोपला. हिचा चेहरा नंतर घेतला. नजर हलू नये म्हणून समोर बांबू धरला होता, त्याले लाल चिंधी बांधून. ते चिंधीकडे पाहून राहिली होती."

"बांबू कोणं धरला होता गा?"

"मी."

ते आत वळून बायकोला म्हणाले, "ऐकलं वं? तो तरी नट होता. हा तर गल्लीतलाच निघाला."

आतून आवाज आला, "चिंधीकडे कोणी असं पाहते काय? मले तर जन्मात कोणाकडे तसं पाहता आलं नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पुढ्यातला चहा संपवला आणि बस धरली.

त्या नटाचंही लग्न तेव्हाच ठरलं. त्याच्या सासरच्यांनी तोच सिनेमा दोनदा पाहिला म्हणे, अभिमानानं.

परत आल्यावर मी शेजारी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. "त्यायनं काम पाहिलंच नाही," ती म्हणाली. "पाहिलं असतं तर बरं झालं का वाईट, एवढं तरी सांगितलं असतं." सुपातले हात थांबले नाहीत. तालमीला ती पुन्हा आली नाही.

हे वाचणारे तुम्हीही त्या थिएटरात होतात. बाहेर पडताना, 'या दोघांचं खरंच काहीतरी असणार,' म्हणाला होतात. ती अजून त्याच घरात राहते. जा, आणि तिच्या तोंडावर सांगा की ते काम होतं, आणि कसं झालं होतं तेही सांगा.