नात पुढे गेली ती दुपार

गोल्फ म्हणजे काय ते मला विचारा, मी सांगते! माझा मुलगा सुरतेकडे गोल्फच्या मैदानावर गवत राखायला आहे. त्याची दोन्ही पोरं त्याच गवतावर वाढली. नातू मोठा, नात लहान. चालला तो आधी, काठी धरली त्यानंच आधी. पण या खेळावर पोट भरायचं, तर परीक्षा द्यावी लागते. पास झालात की कार्ड मिळतं, मग मोठ्या स्पर्धा. नातू मुलांच्या परीक्षेत एका फटक्यानं हुकला आणि थेट माझ्याकडे नंदुरबारला येऊन बसला. पाठोपाठ मुलींची परीक्षा. शेवटच्या दिवशी नात अगदी काठावर!

यात चेंडू खड्ड्यात घालायला किती फटके लागले ते मोजतात, जितके कमी तितकं चांगलं. फोनवर आकडे येत होते, नि ऐन शेवटच्या खड्ड्याला रेंज गेली. आम्ही दोघं घराच्या धाब्यावर, वरच्या मातीच्या गच्चीवर पळालो. माझे गुडघे त्या वेळी कुठे गेले होते कोण जाणे! वर मिरच्या वाळत घातलेल्या. नातू शिंकतोय नि फोन उंच धरतोय.

शेजारीण खालून ओरडली, "काय रे, भाऊ मांगे नि बहीण पुढे?"

मला असा राग आला! पण तो हसला. "काकू, या खेळमा पोरी लवकर पुढे जातस. आम्हले येळ लागस."

"किती फटका पाहिजेत रे तिले?" मी विचारलं.

"चारमा गया ते पास. पाच व्हयनात ते घर."

फोनवर ते चक्र फिरतंय, फिरतंय... आणि आकडा उमटला. चार!

"मोठी माय, पास!" त्यानं मला उचललंच. निम्म्या मिरच्या तुडवल्या आम्ही, तुडवू देत.

तेवढ्यात नातीचा फोन. रडतेय काय, हसतेय काय! "दादाले दे," म्हणाली.

मला वाटलं, दोन शब्द बोलेल नि ठेवून देईल. तर हा म्हणतो, "बाई, शेवटना फटकाले तुन्हा हात नही कापनात का? मन्हा कापनात, तठेच हुकनू मी. तू काय करं, ते सांग ना मले."

आणि मिरच्या बाजूला सारून, लहान बहिणीचं ऐकायला तो मांडी घालून बसला.