कोरी डिश

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे जादाताई म्हणतात. ते नाव मीच पाडलं. मी इथलं स्टोअर सांभाळतो; पेशी वाढवायच्या पाच डिश मागितल्या की मोजून पाचच देतो. आणि ही बया रोज खिडकीत हजर: "काका, एक जादा द्या ना."

"कशाला?"

"कोरी ठेवायला."

आता हे कोरी प्रकरण काय, तर इथे विषाणूंना हमाल करतात. त्यांची रोग करायची ताकद काढून घ्यायची, पाठीवर एक चांगलं जनुक लादायचं आणि त्यांना रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सोडायचं. सोबत एक चमकणारं जनुकही असतं. पेशी हिरवी दिसली की समजायचं, माल पोचला. जादाताई मात्र एका डिशमधल्या पेशींना विषाणू देतच नाही. ती तिची कोरी. सतरा वर्षं हाच हट्ट! माझं डोकंच उठायचं.

मग एकदा तिच्या धाकट्या भावाच्याच पेशी आल्या. त्याच्या पांढऱ्या पेशींतलं एक जनुक जन्मापासून बिघडलेलं. साधी सर्दी झाली तरी दवाखान्यात भरती. डिशमधल्या पेशींत चांगलं जनुक पोचलं, तरच डॉक्टर त्याला नव्या उपचाराच्या यादीत घेणार होते. पेशी निघाल्या मोजक्याच. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "या वेळी कोरी राहू दे."

"नाही जमणार, साहेब." भाऊ तिचा आणि हट्टही तिचाच!

चौथ्या दिवशी मी सही घ्यायला सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत गेलो, तर साहेब नाचायचेच काय ते बाकी होते. हिरवंच हिरवं! "अगं, भावाला फोन लाव!" तिनं लावला, आणि दुसऱ्या हातानं कोरी डिश भिंगाखाली सरकवली.

तीही हिरवी.

तिनं फोन कापला. "साहेब, हिला विषाणू दिलेलाच नाही, तरी ही हिरवी. म्हणजे ही चमक जनुकाची नाही. पेशी मरतायत. मरताना त्या अशाच चमकतात."

कोरीकडे दुसऱ्या कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडलोच, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"काका, अहो, याच्याच भरवशावर त्याच्या अंगात सुई जाणार ना?" तिचे डोळे भरले होते.

पहिलं रक्त रात्रभर पडून राहिलं होतं, म्हणून पेशी मेल्या. भावानं पुन्हा बाही वर केली, आणि या वेळी रक्त येताच ताई कामाला लागली. जादा डिश मी न मागता दिली.

चौथ्या दिवशी मी सहीचं निमित्त काढून पुन्हा तिथे. तिनं आधी कोरी लावली. मी डोकावलो, तर मिट्ट काळोख.

"अगं, काहीच दिसत नाही!"

"तेच हवं होतं. आता पुढचं जे दिसेल ते खरं."

पण दुसरी डिश उचलायला ती काही पुढे होईना. शेवटी ती मीच सरकवली. हिरवे ठिपके होते. चांगले भरपूर होते.

तिनं भावाला फोन लावला, आणि या वेळी कापला नाही.