भुलाबाईची चाल आणि आमचे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कवितेची ओळ कागदावर उतरवायच्या आधी माझ्या हातांकडे बघायचे. मी डाळ निवडत बसलेली असायचे. ते समोर बसून ओळ म्हणायचे, खरं तर गायचेच. माझे हात चालत राहिले तर ओळ राहिली. हात अडखळले तर ओळ गेली.

"भाऊजी, मी चौथी पास. मले काय समजते त्यातलं?"

"तुमाले नसन समजत, वयनी. तुमच्या हाताले समजते."

मला ते थोतांड वाटायचं. एकदा मुद्दाम हात न थांबवायचं ठरवून बसले. एका ओळीला हात आपोआप थांबलेच. मग मी वाद घालणं सोडून दिलं.

अमरावतीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांत नवी तार भरायची. लग्न केलं नाही. राहायला, जेवायला आमच्यातच. आधी आधी ते साकी, शराब, मैफल असलं लिहायचे. टाळ्याही पडायच्या. मी एकदा विचारलं, "भाऊजी, दारू कधी प्याले तुमी?"

"नाही बा."

"मंग कायले खोटं लिहिता?"

खूप हसले. पण त्यानंतर साकी आमच्या घरी आली नाही.

चाल मात्र त्यांची पहिल्यापासून स्वतःची होती. ती कुठून आली ते त्यांनीच सांगितलं. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. पोरं तिथे जातात ती शेवटच्या खाऊसाठी. भाऊजी जायचे गाण्यांसाठी. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणायचे. दर्यापूरच्या घरी तिच्या मागे बसून त्यांनी सगळी गाणी पाठ केली होती. "माह्याजवळ दुसरी चालच नाही," म्हणायचे. "काही बी लिहिलं का ते बाईच्या टाळीवर जाऊन बसते."

या बाईला सासरी मार होता. एकदा ती माहेरी पळून आली. माझ्या सासऱ्यांनी ऐकलं नाही, माझ्या नवऱ्याला म्हणाले, पोचवून दे. यांनी एसटीनं चांदूर बाजारला पोचवलं. भाऊजी तेव्हा लहान, हट्ट धरून सोबत गेले, तिच्या मांडीवर बसून. वर्षाच्या आत तिनं विहीर जवळ केली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात तिचा विषय बंद झालेला होता. मीही कधी उकरला नाही.

म्हातारपणी भाऊजींनी तिच्यावर कविता केली. या वेळी माझे हात बघितले नाहीत. अकोल्याच्या कविसंमेलनात म्हणणार, असं जेवताना सांगितलं. यांचा घास हातातच राहिला.

"घरातलं चार लोकांत मांडतं? म्हणशीन तर या घरात पाय ठेवू नको."

"दादा, ते तुह्याएवढंच माह्यं बी हाय."

"मी येतो. समोर बसतो. पाहू कसा म्हणतं."

आणि खरंच गेले. पहिल्या रांगेत बसले, शेजारी मी. भाऊजी उभे राहिले, भावाकडे पाहिलं, आणि हातात कागद न घेता टाळी धरून गायला लागले:

खिडकीपाशी बसली बाई, गाणं गाते हळू
मांडीवरच्या भावाले म्हणे, नको ना रे रळू

आमच्याकडे रडण्याला रळणं म्हणतात. मागच्या बायकांना चाल लहानपणापासून ओळखीची, त्यांनी हौसेनं टाळ्या धरल्या. मग शब्द कानात उतरत गेले तशा टाळ्या हळू झाल्या. पण थांबली एकही नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती बारीक टाळी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी सहसा अशी हलत नाही. यांच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एका सीटवर. बोरगाव मंजू मागे गेलं. मग हे एकदम म्हणाले, "ते खोटं हाय. ती गात नव्हती. दर्यापूरपासून चांदूर बाजारपर्यंत एक शब्द नाही बोलली. मी होतो."

"गप होती, दादा," भाऊजी म्हणाले. "म्हणून तं तिले गाणं देल्लं. मी मरेपर्यंत गपच ठेवू का तिले?"

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. ज्याच्या ताटात रोज भाकर वाढली, त्याच्या पोटात एवढं होतं! मांडीवरच्या पोरानं ती गप्प बसलेली बहीण जन्मभर सांभाळली, आणि तिनेच शिकवलेल्या चालीत तिला बोलती केली. भाऊजी आता नाहीत. पण तसं काही मला पुन्हा कोणात दिसलं नाही.

मूर्तिजापूरला बस थांबली. हे खाली उतरले आणि तीन चहा घेऊन आले. एक भावाच्या हातात दिला.

"पुढच्या टायमाले नुसतं बाई बाई नको करू," हे म्हणाले. "तिचं नाव घेजो. सिंधू."

मला तेव्हा नातवंडं झाली होती. यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.