दत्ताचं वाक्य

एस.टी. दुपारी अडीचची होती, आणि बाराच्या सुमारास आम्ही दोघे, दत्ता आणि मी, देवळात हात जोडून उभे होतो. दत्ताचे वडील, आमचे भिकूकाका, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. तो मान पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराकडे होता. "बा देवा म्हाराजा, हे दोन झील आज मुंबयक चल्लेत. तेंका तुझो आधार रवांदे म्हाराजा," एवढं म्हणून ते थांबले. मागे उभ्या दहा-बारा माणसांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग पुढचं वाक्य, पुन्हा थांबा, पुन्हा होकार. होकार आल्याशिवाय भिकूकाका पुढे जात नसत. माझे वडील मागच्या बाजूला उभे होते. गाडीत बसवताना ते म्हणाले, "एकमेकाक धरून रवा." बोलायची त्यांना फार सवय नव्हती. ट्रंक वर चढवली आणि ते मागे वळून न बघता निघून गेले.

याला पंचवीस वर्षं झाली. माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठी, आणि जे मागे राहिले त्यांच्यासाठीही मी हे लिहितो आहे. दत्ताचं नाव इथे बदललं आहे. बाकीचंही थोडं बदलावं असं वाटत होतं, पण ते केलेलं नाही.

मालाड पूर्वेला टेकडीच्या उतारावर आमच्या वाडीची एक खोली होती. वाडीतल्या जुन्या मिल कामगारांनी ती नव्याने येणाऱ्यांसाठी घेऊन ठेवली होती. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, मध्ये झोपायची जागा. नियम एकच: वर्षभरात नोकरी बघायची आणि खोली मागून येणाऱ्यासाठी मोकळी करायची. आम्ही दोघे बी.कॉम. झालो होतो आणि आमचं इंग्रजी पुस्तकातलं होतं. तेव्हा चांगल्या नोकरीसाठी लेखी परीक्षा, मग ग्रुप डिस्कशन आणि मग मुलाखत असं असायचं. गावात आम्ही ग्रुप डिस्कशन हा शब्दही ऐकला नव्हता. दहा जणांना एका टेबलाभोवती बसवून, एक विषय देऊन, कोण कसं बोलतं ते बघतात हे कळल्यावर दत्ता म्हणाला, "म्हंजे गावची मीटिंगच मां? फक्त शिव्यो देवच्यो नाय."

अंधेरीला झेरॉक्सच्या दुकानावर एक क्लास होता. तिथले सर चाळिशीचे, बडबडे, सगळ्यांना अरे-तुरे करणारे. दत्ताला त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. दत्ताचा आवाज छान होता, विचारही छान. पण एक वाक्य बोलला की तो थांबायचा आणि समोरच्यांकडे बघायचा. तेवढ्यात दुसरा कुणीतरी घुसायचा. "अरे, तू थांबतोस कशाला? पॉज घेतलास की वाट लागली, यार," सर म्हणायचे. दत्ता मान हलवायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा थांबायचा. तो का थांबतो हे त्या वर्गात फक्त मला कळत होतं. लहानपणापासून बापाच्या शेजारी उभं राहून तो बोलणं शिकला होता. चार माणसांत बोलायचं तर एक वाक्य म्हणायचं आणि लोकांचा होकार ऐकायचा, हेच त्याच्या अंगात मुरलं होतं.

रविवारी आम्ही बसने आरे कॉलनीत जायचो. खोलीत जागा नव्हती, आणि मोठ्याने इंग्रजी बोललो की शेजारी हसायचे. आरेत गोठ्यांच्या मागच्या रस्त्यावर उभे राहून आम्ही खाजगीकरण, आरक्षण, दूरदर्शनचे दुष्परिणाम असे विषय बडवायचो. दत्ता म्हणायचा, "ह्यो म्हशी बऱ्यो. मधीच तोंड घालनत नाय." त्याची सवय जाईना, तेव्हा आम्ही एक तोडगा काढला. दोघे कधी एका गटात आलो तर त्याच्या पहिल्या वाक्यानंतर मी लगेच म्हणायचं, "आय अ‍ॅग्री, प्लीज गो ऑन." तो त्याचा होकार. सर म्हणाले होते की दुसऱ्याला बोलू देणाऱ्यालाही मार्क मिळतात. म्हणजे दोघांचाही फायदा. या तोडग्यावर आम्ही खूश होतो.

तशी वेळ आली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी. लेखी परीक्षेत दोघेही पास झालो आणि दोघांना एकाच गटात बोलावलं. विषय होता, महानगरांकडे येणारे लोंढे थांबवावेत का. टेबलाभोवतीच्या दहा जणांत आम्ही दोघेच बहुधा लोंढ्यातले होतो. पहिली पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. झोपडपट्ट्या, पाणी, गुन्हे. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा माझं वाक्य कुणीतरी खाल्लं. एका कोपऱ्यात दोघे वह्या घेऊन बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग दत्ता बोलला. आवाज न चढवता म्हणाला की आमच्या गावात प्रत्येक घरातलं एक माणूस मुंबईत आहे, आणि घर उभं आहे ते त्याच्या जिवावर. टेबल गप्प झालं. दत्ता थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. आरेत म्हशींसमोर त्याने ते दहा वेळा म्हटलं होतं, आणि त्याच्या इंग्रजीतलं क्रियापद मीच नीट करून दिलं होतं. समोरच्या मुलीने बोलायला श्वास घेतलेला मला दिसला. मी फक्त होकार द्यायचा होता. मी म्हणालो, "येणाऱ्यांना थांबवण्याआधी, त्यांना परत जावंसं वाटेल असं आपण तिकडे काय ठेवलं आहे ते बघायला हवं." अर्थात इंग्रजीत. कोपऱ्यातल्या दोघांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर दत्ता बोलला नाही.

दहातल्या तिघांना मुलाखतीसाठी थांबवलं. माझी पाळी आली तेव्हा वहीत लिहिणाऱ्या त्याच माणसाने विचारलं, "तो मुद्दा छान होता. कसा सुचला?" मी म्हणालो, "माझ्या स्वतःच्या अनुभवातून, सर." ते ऐकून दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मला कळलं की नोकरी मिळाली.

दत्ता खाली चहाच्या टपरीजवळ दोन तास उभा होता. माझी छत्री आणि डबा त्याच्याकडेच होता. "काय इचारल्यानी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "असांच, काय काय." तो म्हणाला, "बरां झाला. एकाचा तरी झाला." महिनाभरात मी कांदिवलीत भाड्याने जागा घेतली. दत्ता वर्ष पुरं होईपर्यंत खोलीत राहिला, आणखी चार ठिकाणी गेला, मग नियमाप्रमाणे खोली सोडली आणि गावाला परत गेला. मी त्याला पोचवायला गेलो नाही. ऑफिस होतं.

आता तो आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी चालवतो, आणि भिकूकाका गेल्यापासून देवळातलं गाऱ्हाणंही तोच घालतो. मी बोरिवलीत राहतो. गेली काही वर्षं मी स्वतः वही घेऊन कोपऱ्यात बसतो आणि टेबलाभोवतीची मुलं बघतो. थकून जायला होतं. बोलणारी मुलं सगळी सारखीच वाटतात. मधूनच एखादा थांबतो आणि शेजारी त्याचं वाक्य उचलतो, तेव्हा मी वहीत काहीच लिहीत नाही. त्याने कुणाचं भलं होत नाही हेही मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात दत्ताचा फोन आला. त्याची मुलगी मृणाल इंजिनिअर झाली होती आणि एका कंपनीच्या ग्रुप डिस्कशनसाठी आणि मुलाखतीसाठी मुंबईला येणार होती. "आठवडोभर तुझ्याकडे रवात. तुका सगळा ठावक आसा, जरा सांग तिका," तो म्हणाला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मृणाल धीट निघाली. हॉलमध्ये मी, माझी बायको आणि ती असे बसून चर्चा करायचो. बायको मुद्दाम मध्ये मध्ये बोलायची. मृणाल तिला हसत थोपवायची, "काकू, दोन मिनिटं, माझं होऊ द्या." वाक्याशेवटी ती थांबत नव्हती. चौथ्या दिवशी ती माझ्या बायकोला सहज म्हणाली, "बाबा सांगतात, त्यांच्या वेळी काकांनी त्यांना सावरायचा खूप प्रयत्न केला, पण त्यांचं इंग्लिशच कच्चं पडलं. गावात सगळ्यांना तेच माहितीये." माझी बायको माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी पंख्याचं बटण उगाच कमी-जास्त केलं.

मग मृणालने विचारलं, "काका, इंटरव्ह्यूत सगळ्यात मोठी चूक कोणती असं विचारतात ना, तेव्हा खरं सांगायचं का? तुम्ही काय सांगितलं होतं?"

"मी म्हटलं होतं की मला अर्धवट काम सहन होत नाही, हीच माझी चूक."

"हे आता चालत नाही हां काका," ती म्हणाली आणि हसली.

त्या दुपारी मी बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन दत्ताला फोन लावला. तो कलमांना पाणी घालत होता, पाइपचा आवाज येत होता. मी घाईघाईने सगळं बोलून टाकलं. त्याचं वाक्य, त्याने माझ्याकडे बघणं, मी काय केलं ते.

"ता माका ठावक आसा रे," तो म्हणाला. "मी थंयच होतंय मां."

ते खरंच होतं. इतकी वर्षं मी जे लपवतोय असं मला वाटत होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. गावात माझी बाजू राखणारी गोष्ट त्याने माहीत असून रचली होती. मग जे त्याला खरंच माहीत नव्हतं तेही मी सांगितलं. मुलाखतीत त्यांनी काय विचारलं होतं ते.

"मगे? कोणाचा म्हणान सांगितलंस?"

"माझा म्हणान."

पाइपचा आवाज बंद झाला. मी दोनदा त्याचं नाव घेतलं.

"चेडवाची उद्या मुलाखत आसा," तो शेवटी म्हणाला. "पंचवीस वर्सां गप रवलंस, आणि दोन दिवस रवाक काय झाला होता तुका? तिका काय एक सांगू नको. तिका शुक्रवारपर्यंत तुझ्या घरात जेवचा आसा." आणि ठेवण्याआधी म्हणाला, "मे म्हयन्यात ये. हंय येवन सांग. फोनार असला आयकाक बरा वाटना नाय."

मृणालचं डिस्कशन चांगलं झालं, मुलाखतही. निकाल अजून यायचा आहे. शुक्रवारी मी तिला गाडीत बसवून आलो. ती पाया पडली आणि मला तिच्याकडे बघवेना.

आई-वडील गेल्यापासून गावचं घर बंद आहे. सुट्टीत का जात नाही असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, आता तिकडे कोण आहे. ऐकणाऱ्याला ते पटायचं, मलाही पटायला लागलं होतं. प्रत्यक्षात तिकडे एक माणूस आहे हे मला माहीत होतं, आणि मी जात नव्हतो तो त्याच्याचमुळे. आता त्याने बोलावलं आहे. आपलं घर कुठे असं मला आज कुणी विचारलं तर बोरिवलीचा पत्ता पटकन तोंडात येत नाही. दत्ताचं अंगण आठवतं. मेमध्ये मी तिथे जाणार आहे आणि चहा यायच्या आत बोलून टाकणार आहे. एकदा का त्याच्या बायकोने कप हातात दिला, की झालं ते झालं म्हणत तो मला पुढे बोलू देणार नाही.